डोंगरातल्या गावठी ब्रूअऱ्या पायी फिरताना: मराठवाड्यातून जर्मनीच्या फ्रँकनला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बिअर म्हटलं की ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, दात शिवशिवतील इतकी गार, आणि परमिट रूमचा अंधार. वाळूजच्या एमआयडीसीत बिअरचे मोठे कारखाने आहेत, पण त्यांच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या माणसालाही माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) म्हणजे काय, हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं) काम काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रूअरीत थोडक्या प्रमाणात केलेली बिअर, हा शब्द आपल्याला पुण्यामुळे माहीत झाला. तिथं २००९ साली डूलली सुरू झाली आणि मग मायक्रोब्रूअऱ्यांची रांगच लागली. तिथली बिअर चांगली असते, पण ती शहरातल्या हॉटेलात बसून प्यायची वस्तू झाली आहे. छोट्या ब्रूअरीची बिअर ज्या मातीत आणि ज्या डोंगरात जन्मली तिथं जाऊन बघायची असेल, तर माझं ठाम मत आहे की जर्मनीतल्या बावेरिया राज्याच्या उत्तर टोकाला, फ्रँकन भागात जावं.

हे लांबचं वाटेल, पण मराठवाड्याला ते तितकं लांब राहिलेलं नाही. शेंद्रा आणि वाळूजच्या जर्मन कंपन्यांमुळे छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी घरांतला मुलगा, पुतण्या किंवा भाची आज एर्लांगेन, न्यूर्नबर्ग, श्टुटगार्टला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-वडील, काका-काकू त्यांच्याकडे जातात आणि म्युनिक, स्वित्झर्लंड, पॅरिस बघून परत येतात. घराजवळच्या, लोकल गाडीनं तासाभरात गाठता येणाऱ्या डोंगरांकडे मात्र कुणी फिरकत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासोबत निघालेल्या नवख्या मंडळींसाठी आहे.

आधी मुलूख समजून घ्या

बावेरियाचा ओबरफ्रँकन हा जिल्ह्यांचा एक विभाग आहे. लोकसंख्या साधारण साडेदहा लाख. आपल्या एकट्या लातूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेचोवीस लाख होती, यावरून अंदाज घ्या. एवढ्याशा विभागात दीडशेहून जास्त ब्रूअऱ्या आहेत. बहुतेक एकाच कुटुंबाच्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. त्या स्वतःला क्राफ्ट वगैरे काही म्हणवत नाहीत. गावासाठी बिअर करतात, उरली तर शेजारच्या गावाला देतात. त्यामुळे यातल्या कित्येक बिअर म्युनिकच्या दुकानातही मिळत नाहीत.

या विभागाच्या दक्षिणेला बांबर्ग, बायरॉइट आणि न्यूर्नबर्ग या तीन शहरांच्या मधोमध फ्रेंकिशे श्वाइत्स, म्हणजे ‘फ्रँकनचं स्वित्झर्लंड’, नावाचा डोंगराळ पट्टा आहे. नावात स्वित्झर्लंड असलं तरी बर्फाची शिखरं मनात धरून जाऊ नका. पाचसहाशे मीटर उंचीचं पठार, त्याला कापत गेलेल्या अरुंद दऱ्या, दरीच्या तोंडाशी उभे चुनखडीचे सुळके आणि त्यावर चढवलेले किल्ले, असा तो मुलूख आहे. आपला अजिंठा-वेरूळचा काळा पाषाण माणसानं छिन्नीनं कोरला. इथला चुनखडी आणि डोलोमाइट पाण्यानं पोखरला. म्हणून गुहा जागोजागी. पडलेला पाऊस खडक गिळतो आणि तो खाली दरीत झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतो, त्यामुळे वरच्या पठारावरची गावं शेकडो वर्षं पाण्यासाठी तळ्यांतल्या साठवलेल्या पावसावर राहिली. टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे लगेच समजेल. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्के कापण्याचा आदेश दिला. बिअर म्हणजे शेवटी पाणीच, हे आपल्या इतकं कुणाला कळणार? म्हणूनच एखाद्या गावच्या झऱ्यावर किंवा विहिरीवर उभी राहिलेली ब्रूअरी बघताना मराठवाड्याचा माणूस जरा जास्त वेळ थांबेल असं मला वाटतं.

आता केलर. हा शब्द या सहलीत रोज ऐकाल. बावेरियात १५३९ च्या फर्मानानं बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल याच काळात करायची परवानगी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. मग उन्हाळाभर पुरेल एवढी बिअर साठवायची कुठं? टेकडीच्या पोटात भुयारं खणली. आत वर्षभर ८ ते १० अंशांच्या आसपास गारवा. भुयार आणखी थंड राहावं म्हणून वर लिंडन आणि चेस्टनटची झाडं लावली. लोक बिअर न्यायला यायचे, ते त्या सावलीतच बसू लागले. बिअर गार्डनची सुरुवात ही अशी. फ्रँकनमध्ये आजही या जागांना केलरच म्हणतात, आणि भुयार खाली, लोक वर झाडाखाली, अशी बैठक असते.

महिना ठरवा

आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि सुदैवानं तोच उत्तम महिना आहे. इकडे बीड-परभणी ४२ अंशांवर असते तेव्हा तिकडे दुपारी १५ ते २० अंश, सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, चेरी आणि सफरचंदाचा मोहोर नुकता संपलेला असतो. बहुतेक केलर १ मेच्या आसपास उघडतात. जून-जुलैही चांगले. जुलैच्या अखेरीस फोर्खहाइमला आनाफेस्ट भरतो, तेव्हा केलरचा अख्खा डोंगर जत्रेसारखा फुलतो. एर्लांगेनला नातेवाईक असतील तर पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी सुरू होणारा बेर्गकिर्खवाय हा १७५५ पासूनचा बारा दिवसांचा बिअर उत्सव त्यांच्या घराजवळच सापडेल.

एक दिवस मात्र टाळा. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, ख्रिस्त स्वर्गारोहणाची सुट्टी असते. ती बहुधा मे महिन्यातच येते. त्या दिवशी पुरुषांचे जथ्थे हातगाडीवर बिअरचे क्रेट घेऊन डोंगरात फिरतात आणि ब्रूअऱ्यांच्या वाटांवर पाय ठेवायला जागा नसते. नवख्यानं, त्यातून घरच्यांना घेऊन, त्या दिवशी गुहा बघाव्यात.

व्हिसासाठी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. मे महिन्यात जायचं तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.

गाडी भाड्यानं घेऊ नका

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा आहे. बिअरचे थांबे आखायचे तर नकाशावर आधी ब्रूअऱ्या मांडू नका. आधी रेल्वे, बस आणि पायवाटा मांडा. त्यांच्यावर ज्या ब्रूअऱ्या येतील त्या तुमच्या. बाकीच्या, कितीही नावाजलेल्या असोत, पुढच्या वेळी.

याचं कारण साध्या गणितात आहे. फ्रँकनमध्ये अर्ध्या लिटरच्या मापाला झाइडला म्हणतात. तिथली नेहमीची बिअर पाच टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एका झाइडल्यात २५ मिली, वजनानं सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्यानं साधारण ०.४ प्रति हजार एवढं प्रमाण होतं. जर्मनीत गाडी चालवायची मर्यादा ०.५ आहे, अपघात झाला किंवा गाडी वेडीवाकडी चालली तर ०.३ वरही गुन्हा लागतो. २१ वर्षांखालच्या आणि नव्या परवानाधारक चालकांना शून्य. शरीर तासाला ०.१ ते ०.१५ एवढंच उतरवतं. म्हणजे दुसरा ग्लास अर्धा झाला की तुम्ही चालक राहिला नाहीत, आणि बाई किंवा कमी वजनाचा माणूस असेल तर त्याही आधी. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.३, जर्मनीपेक्षाही कडक. तेव्हा ‘एक घेतली तर काय होतं’ हे वाक्य इथंही खोटं आणि तिथंही. सायकल हा पर्याय लोक सुचवतात, पण सायकलस्वारालाही १.६ वर फौजदारी गुन्हा होतो आणि डोंगराच्या उतारावर कायद्याच्या आधी दगड आडवा येतो.

सुदैवानं गाडीची गरजच पडत नाही. म्युनिकहून न्यूर्नबर्गला वेगवान रेल्वेनं तासभर. न्यूर्नबर्गहून एस-१ ही लोकल एर्लांगेन, फोर्खहाइम करत थेट बांबर्गला जाते. आपल्या सहलीचा अर्धा भाग या एकाच गाडीवर आहे. फोर्खहाइमला उतरलं की फाट्याची छोटी गाडी विझेंट नदीच्या दरीतून एबरमानश्टाटला नेते. तिथून पुढं डोंगरात बस. न्यूर्नबर्ग परिसराच्या वाहतूक संस्थेच्या, व्हीजीएनच्या, खास सुट्टीच्या बस उन्हाळ्यात शनिवार-रविवारी आणि सणाला डोंगरातल्या गावांना धावतात. कामाच्या दिवशी त्याच गावाला दिवसातून दोन-चार बस असतात आणि त्याही शाळेच्या वेळेला. म्हणून डोंगरातले थांबे शनिवार-रविवारी ठेवा आणि शहरातले मधल्या वारी.

तिकिटाचं असं: पाच जणांपर्यंतचा गट असेल तर बायर्न-टिकेट घ्या. एका दिवसासाठी राज्यभरातल्या साध्या गाड्या, लोकल आणि बस त्यावर चालतात. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतर. महिनाभर राहणार असाल तर देशभरातल्या साध्या गाड्या आणि बसवर चालणारं डॉइचलांड-टिकेट परवडतं, पण ते मासिक वर्गणीचं असतं आणि पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद करावं लागतं. दोन्हींवर आयसीई ही वेगवान गाडी चालत नाही.

मग रुहेटाग बघा

रुहेटाग म्हणजे ब्रूअरीचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. घरचीच माणसं राबत असल्यामुळे तो कडक पाळला जातो. कुठं सोमवार, कुठं मंगळवार, कुठं सलग दोन दिवस. कागदावर सात उभे रकाने आखा, वार लिहा, आणि प्रत्येक ब्रूअरीचा रुहेटाग लाल शाईनं भरा. मगच थांबे बसवा. दुसरी गोष्ट, उघड्यावरचे केलर बऱ्याचदा फक्त हवा चांगली असेल तरच उघडतात. सकाळी ढग असले तर त्यांच्या संकेतस्थळावर बघा किंवा फोन करा. गावच्या खानावळीचं स्वयंपाकघर रात्री आठच्या सुमारास बंद होतं. आणि रोख पैसे जवळ ठेवा, कार्ड न घेणाऱ्या जागा अजून बऱ्याच आहेत. गावाकडे झाइडल्याला साधारण तीन ते साडेचार युरो धरून चाला.

पहिले दोन दिवस बांबर्गला

विमानाचा शीण, वेळेचा फरक आणि बिअर एकत्र आले की दुसरा दिवस वाया जातो. म्हणून सुरुवात शहरातून. बांबर्ग सात टेकड्यांवर वसलेलं, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नदीच्या मधोमध उभं जुनं नगरभवन, चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल, आणि शहरात दहाच्या आसपास ब्रूअऱ्या. बिअर फक्त पाणी, जव आणि हॉप्सचीच करायची हा बावेरियाचा प्रसिद्ध कायदा १५१६ चा. बांबर्गनं तसाच नियम १४८९ मध्येच केला होता.

इथली खासियत राउखबीअर, म्हणजे धुराची बिअर. पूर्वी सगळीकडेच ओला माल्ट लाकडाच्या आगीवर वाळवायचे, त्यामुळे प्रत्येक बिअरला धुराचा वास असायचा. नंतर बाकीच्यांनी गरम हवेच्या भट्ट्या आणल्या. बांबर्गच्या दोन घरांनी, श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल यांनी, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा धूर सोडला नाही. श्लेंकर्लाची नोंद १४०५ पासून सापडते, श्पेत्सियालची १५३६ पासून. श्लेंकर्लाची मेर्त्सन ही बिअर ५.१ टक्क्यांची, गडद तांबूस, लाकडी पिंपातून थेट ओतलेली. पहिल्या घोटाला बरेच जण ग्लास खाली ठेवतात. मराठवाड्याच्या माणसाला ती परकी वाटू नये, कारण मार्गशीर्षात शेतावर आगटीतून काढलेल्या गरम हुरड्याला जो धुराचा वास असतो, त्याच्या जवळ जाणारी ही चव आहे. ती सावकाश प्या. श्पेत्सियालचा धूर सौम्य आहे, म्हणून नवख्यानं आधी श्पेत्सियाल आणि दुसऱ्या दिवशी श्लेंकर्ला हा क्रम ठेवावा. श्पेत्सियालचं टेकडीवर वेगळं केलर आहे. संध्याकाळी तिथून कॅथेड्रलसकट सगळं शहर दिसतं.

मिखाएल्सबेर्ग टेकडीवर जुन्या मठात ब्रूअरीचं संग्रहालय आहे. जव भिजवून मोड आणणं, वाळवणं, दळणं, उकळणं, यीस्ट घालणं, सगळं ओळीनं समजतं. बिअर न पिणाऱ्यांनाही ते आवडेल.

फोर्खहाइमची एक संध्याकाळ

एस-१ नं फोर्खहाइमला उतरा आणि केलरवाल्ड नावाच्या टेकडीकडे चालू लागा. एका जंगलात वीसहून अधिक केलर शेजारी शेजारी आहेत. काही वर्षभर चालू, बाकीचे फक्त आनाफेस्टला. खडकात खणलेल्या भुयारांची दारं बघा, हात लावा, आतून येणारा गारवा तळहाताला कळतो. इथं केलरबीअर मागा. गाळलेली नसते म्हणून किंचित धूसर, फेस कमी, कडवटपणा मऊ. स्ट्राँगची सवय असलेल्याला पहिल्यांदा ‘काहीच नाही यात’ असं वाटेल. अर्धा ग्लास होऊ द्या. गार केलेल्या बाटलीत जे दबून जातं, ते इथं दहा अंशांवर उघडं होतं: भाजलेल्या धान्याचा, कोरड्या गवताचा, पावाचा वास.

चालायची वाट: आउफझेस

सहलीचा गाभा हाच. आउफझेस ही साधारण तेराशे वस्तीची ग्रामपंचायत, आणि तिच्या हद्दीत चार ब्रूअऱ्या: आउफझेसमध्ये रोटेनबाख, साक्सेनडोर्फला श्टाटर, होखश्टालला राइखोल्ड आणि हेकेनहोफला काथी-ब्रॉय. लोकसंख्येच्या मानानं जगात सर्वाधिक ब्रूअऱ्या म्हणून २००० साली गिनीजनं नोंद घेतली. या चारही गावांना जोडणारी सुमारे १४ किलोमीटरची गोल वाट आहे, खुणा रंगवलेल्या. शेतं, बीचचं जंगल, एखादा चढ, पुन्हा शेतं. चढ मोठे नाहीत. वेरूळच्या सगळ्या लेण्या चालत बघणारा माणूस ही वाट चालू शकतो.

वेळ अशी बसवा. ताशी चार किलोमीटरनं साडेतीन तास नुसतं चालणं. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास धरला तर तीन तास बसणं. म्हणजे सकाळी दहाला निघालात तर पाचपर्यंत परत, आणि परतीची शेवटची बस त्याच्या पुढं असायला हवी. तिची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहून खिशात ठेवा, डोंगरात मोबाइलची रेंज जाते. कुठल्या बाजूनं फिरायचं ते त्या दिवशी कोण किती वाजता उघडतं त्यावरून ठरवा.

चारही ठिकाणचे शिक्के जमवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. तरुण मंडळी त्याच्या नादी लागतात. माझं म्हणणं ऐका: चार ठिकाणी चार झाइडले म्हणजे दोन लिटर बिअर, ८० ग्रॅम अल्कोहोल, आणि तेही उन्हात चालत. तिसऱ्या ठिकाणी चव कळत नाही आणि चौथ्या ठिकाणी वाट कळत नाही. दोघांत एक झाइडला घ्या, कुणी नाक मुरडत नाही. किंवा श्निट मागा; श्निट म्हणजे ग्लास पूर्ण न भरता फेसासकट ओतलेलं थोडकं माप. दोन ठिकाणी बिअर, दोन ठिकाणी जेवण आणि कॉफी, असं केलं तरी चालतं. काथी-ब्रॉयची काळपट लागर (गारव्यात सावकाश मुरवलेली बिअर) आणि तिथं जमणारी मोटरसायकलवाल्यांची गर्दी हा एक वेगळाच माहोल आहे. शांतता हवी असेल तर तिथं रविवारी दुपारी जाऊ नका, सकाळीच उरका. प्रत्येक बिअरच्या आधी पाणी प्या, आणि पाण्याची बाटली मुक्कामावरून भरून निघा. हॉटेलात पाणी फुकट मिळत नाही, मागितलं तर बुडबुड्याचं येतं.

गुडघ्यांना १४ किलोमीटर जड वाटत असतील तर ग्रेफेनबेर्गची वाट घ्या. न्यूर्नबर्गच्या नॉर्ड-ओस्ट स्थानकावरून फाट्याची गाडी वाइसेनओहे आणि ग्रेफेनबेर्गला जाते. वाइसेनओहे, ग्रेफेनबेर्ग, टुइसब्रुन, होहेनश्वेर्त्स अशी ही पाच झाइडल्यांची म्हणून ओळखली जाणारी वाट. सुरुवातीची दोन गावं रेल्वेवरच असल्यामुळे तेवढंच चालून परत फिरता येतं. आई-वडील सोबत असतील तर हीच बरी.

या दोन वाटांच्या मध्ये एक दिवस बिअरविना ठेवा. पोटेनश्टाइनची टॉयफेल्सह्योले ही चुनखडीची मोठी गुहा, ग्योसवाइनश्टाइनची बाल्थाझार नॉयमानच्या आराखड्यानुसार बांधलेली बॅसिलिका, आणि मे ते ऑक्टोबर रविवारी एबरमानश्टाटहून निघणारी जुनी संग्रहालय रेल्वे, एवढ्यात दिवस जातो.

शिदोरी

बावेरियात १८१२ साली राजानं म्युनिकच्या ब्रूअरांना केलरवर बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज जेवण विकायला मनाई केली, कारण खानावळवाल्यांनी तक्रार केली होती. लोक घरून खाणं आणू लागले. आपली शिदोरी आपण नेऊन बिअर तिथली घ्यायची ही रीत आजही पाळली जाते. ज्या टेबलावर कापड अंथरलंय तिथं डबा उघडायचा नाही. नुसत्या लाकडी बाकांवर चालतं. तरी ‘स्वतःचं खाणं चालेल का’ असं एकदा विचारावं. मग एर्लांगेनच्या घरून करून आणलेले धपाटे आणि त्यावर शेंगदाण्याची चटणी बाहेर काढा. केलरबीअरसोबत लसणाची तिखट चटणी जशी लागते, तशी तिथली कुठलीच गोष्ट लागत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो.

चटणी नेता येते. कुंथलगिरीचे पेढे मात्र नेता येत नाहीत, कारण युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. केसर आंबाही प्रमाणपत्राशिवाय नाही. विमानतळावर हे टाकून द्यावं लागलं तर जीव हळहळतो, म्हणून आधीच नातेवाइकांना सांगून ठेवा.

शाकाहारी आणि माळकरी मंडळींसाठी: गेरुप्टर हे चीज, लोणी, कांदा आणि पेपरिका कालवून केलेलं पावाला लावायचं खाणं, ब्रेट्सेल हा पीळ घातलेला खारट पाव, मुळ्याच्या चकत्या, चीजचा पाव, एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं. बटाट्याचा क्लोस हा गोळा शाकाहारी दिसतो, पण त्यावरचा रस मांसाचा असतो. ‘ओने झोसं’, म्हणजे रस नको, असं सांगा. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शिदोरीचं सामान शनिवारीच आणून ठेवा.

बसण्याची रीत

टेबल अडवून बसायचं नसतं. रिकाम्या जागेकडे बोट करून ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ विचारलं की लोक सरकतात. श्टामटिश अशी पाटी असलेलं टेबल गावकऱ्यांचं, तिथं बसू नका. केलरवर बहुधा खिडकीतून आपला मग आपण आणायचा. मगासाठी अनामत घेतात, परत दिला की पैसे परत. ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. मोबाइलवर मोठ्यानं बोलणं आणि मोठा गट करून गाणी लावणं कुणालाही आवडत नाही.

बिअर १६ व्या वर्षापासून कायदेशीर आहे, आपल्याकडे २१. तुमच्या सोबतच्या सतरा वर्षांच्या मुलाचं काय करायचं ते घरी ठरवून निघा, टेबलावर नको. न पिणाऱ्यांची अडचण मात्र अजिबात होत नाही. सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं आप्फेलशोर्ले, बिनअल्कोहोलची बिअर, कॉफी-केक सगळीकडे असतं. निम्मी लिंबू सोडा आणि निम्मी बिअर असलेली राडलर मात्र बिअरच समजा. केलरवर आजी नातवंडं खेळवत बसलेली असते, शेजारी तिचा झाइडला. कित्येक ठिकाणी झोपाळे आणि घसरगुंडी असते. काकूंना ‘बार’मध्ये नेतोय असा संकोच वाटत असेल तर त्यांना दुपारी चार वाजता न्या. तिथली कुटुंबं बघितली की त्याच जागा धरतील.

परत आणायचं असेल तर

भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. केलरबीअर आणू नका. गाळलेली नसल्यामुळे ती प्रवासात आणि आपल्या उन्हात टिकत नाही. राउखबीअर आणा, ती दमदार आहे. बाटल्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत. प्रत्येक बाटली जाड मोज्यात घालून, चेक-इन बॅगेच्या मधोमध, कपड्यांमध्ये उभी रोवा. मुंबईहून रेल्वेनं घरी पोचलात की फ्रिजच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, आणि उघडायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा.